हृदयाच्या भोकाला बटण बसवताना: बेळगाव भागातल्या पालकांसाठी

भोक नेमकं कुठे आहे, ते आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टात बघा. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, मधल्या भागात असेल तर 'सेकंडम एएसडी' लिहिलेलं असतं. मांडीच्या शिरेतून बटण, म्हणजे भोक बंद करणारी छोटी जाळी, बसतं ते यालाच. 'प्रायमम' (पडद्याच्या खालच्या भागातलं भोक) असेल तर ऑपरेशनच करावं लागतं.

आकाराइतकेच काठ महत्त्वाचे. भोकाभोवती साधारण ५ मिमी काठ हवा. महाधमनीकडचा थोडा कमी असला तरी बहुतेकदा चालतं. खालचा नसेल तर बटणाला पकड मिळत नाही, ते निसटतं. म्हणून 'खालचा काठ किती?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. फुप्फुसातला दाब फार वाढलेला असेल तर भोक बंद करणंच धोक्याचं असतं.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून निघण्याआधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र, बीपीएल रेशन कार्ड आणि आधार घ्या. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेचं काम त्यावर चालतं. रेशन कार्डावर कन्नडमध्ये एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर मराठीत दुसरं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. किडलेले दातही आधीच दाखवा, तिथले जंतू रक्तातून बटणापर्यंत पोचू शकतात.

आत काय करतात? मांडीच्या शिरेतून तार भोकापलीकडे नेतात, तिच्यावरून नळी सरकवतात. निटिनॉल या धातूच्या जाळीच्या बटणाची डावी चकती आधी उघडतात, पडद्याला टेकेपर्यंत मागे ओढतात, मग उजवी. हलकेच ओढून-ढकलून इकोवर पकड तपासतात. बसलं नाही तर परत नळीत घेता येतं, म्हणून सोडण्याआधीची ही तपासणी सगळ्यात मोलाची. नंतर निसटलं तर फासाच्या तारेने पकडून काढतात, नाहीतर ऑपरेशन.

नंतर पाय ४ ते ६ तास सरळ ठेवायचा. अ‍ॅस्पिरिन सहसा ६ महिने, किलोमागे ३ ते ५ मिग्रॅ. २० किलोच्या मुलाला ७५ची एक गोळी, जेवणानंतर. तेवढेच महिने दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक. महिनाभर कबड्डी, कुस्ती बंद. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर त्याच दिवशी इको करा. क्वचित बटण हृदयाच्या भिंतीला घासून हृदयाभोवती रक्त साचतं. तापाला पॅरासिटामॉल द्या, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, त्याने अ‍ॅस्पिरिनचा परिणाम कमी होतो. घरात कांजिण्या आल्या तर डॉक्टरांना लगेच फोन करा. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन मुलाच्या यकृताला आणि मेंदूला घातक ठरू शकतं.