रंग शेवटी: संग्रहालयातलं मिग-२१ जपताना

निवृत्त लढाऊ विमान आवारात येऊन उभं राहिलं की समितीचा पहिला प्रश्न असतो, रंग कधी मारायचा? पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारी तोंडावर आलेली असते, पाहुणे ठरलेले असतात, आणि कुणाच्या तरी ओळखीतला गाड्या रंगवणारा सामान घेऊन तयारच असतो. त्याला थांबवा. उघड्यावरच्या विमानाची वाट लागते ती आत साचलेल्या पाण्यानं, आणि नवा कोरा रंग ते पाणी आत कोंडून ठेवायचं काम फार चोख करतो. वर्षभरात रंगाला फोड येतात, फोडाखाली पांढरी भुकटी निघते, आणि पुन्हा वर्गणी.

मिग-२१ हवाई दलात १९६३ साली आलं. नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कारखाना) ते वर्षानुवर्षं बनत होतं. एफएल प्रकार डिसेंबर २०१३ मध्ये निवृत्त झाला आणि उरलेली विमानं २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला. त्यामुळे संग्रहालयं, महाविद्यालयं आणि चौकांमधल्या चौथऱ्यांवर हे विमान इतर कोणत्याही जेटपेक्षा जास्त दिसतं. पुढचं सगळं पुन्हा कधीच न उडणाऱ्या, फक्त पाहण्यासाठी ठेवलेल्या विमानासाठी आहे.

हात लावण्याआधी

आसन वर फेकणारी आणि कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडवणारी काडतुसं काढली आहेत, हे लेखी हातात आल्याशिवाय कॉकपिटमध्ये कुणीही बसायचं नाही. ‘साहेब म्हणाले काढलीत’ हे चालत नाही. बाहेरच्या टाक्या सोडणारी आणि आग विझवणाऱ्या बाटलीची काडतुसंही त्याच कागदावर हवीत, कारण आसनाच्या नादात ती विसरली जातात.

या विमानाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा साठवणाऱ्या बाटल्यांत शंभराहून जास्त बार दाब असू शकतो. चाकांच्या खांबांत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन असतो. दोन्हींचा दाब भरण्याच्या व्हॉल्व्हमधूनच, सावकाश सोडा. खांबाची मोठी नट दाब असताना सैल केली तर आतला दांडा तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. ऑक्सिजनच्या बाटलीजवळ ग्रीस किंवा तेलकट हात नेऊ नका.

जुन्या डायलवरचा पिवळट-तपकिरी रंग रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा असू शकतो. अंधारात तो चमकत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. चमक विझते ती रंगातल्या रसायनाची. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. गायगर मीटरनं तपासा, काचा उघडू नका, आणि आकडा वाढलेला दिसला तर अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारल्याशिवाय तो डायल हलवू नका. शेपटीकडच्या गरम भागाभोवतीचं पांढरं कापडी वेष्टण अॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला. टाक्यांमध्ये इंधनाची वाफ वर्षानुवर्षं राहते, म्हणून वेल्डिंग आणि ग्राइंडर विमानापासून लांब.

बॅटरी अजून आत असेल तर आधी ती काढा. तिच्यातलं अल्कली द्रावण गळून खालचा पत्रा खातं. जागा ३ टक्के बोरिक अॅसिडच्या पाण्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं दोनदा.

पाणी कुठे थांबतं

पोटाखाली झोपून टॉर्च मारत नाकापासून शेपटीपर्यंत जा आणि खालच्या पत्र्यातलं प्रत्येक भोक खडूनं गोल करा. चार ते सहा मिलिमीटरची ही भोकं पाणी निचरण्यासाठी असतात. निम्मी तरी बंद सापडतील. काही जुन्या रंगानं बुजलेली, काही कुंभारमाशीनं मातीनं लिंपलेली. बांबूच्या काडीनं किंवा नायलॉनच्या तारेनं मोकळी करा. सळई खुपसलीत तर भोकाच्या कडेचा रंग उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

मग बागेच्या पाइपानं, कमी दाबानं, वरून पाणी सोडा. एकजण वर, दोघे खाली. कॅनोपीच्या कडेपासून सुरुवात करा, मग पाठीवरची झाकणं, मग पंख जिथे धडाला मिळतो तो सांधा. एकेका जागी पाच मिनिटं पाणी सोडा आणि ते कुठून, किती वेळानं बाहेर येतं ते वहीत लिहा. आत गेलं आणि बाहेर आलंच नाही, ती जागा सर्वात महत्त्वाची. मोबाइलला जोडायचा साधा बोरस्कोप (लवचिक तारेच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) हजार-दोन हजारांत मिळतो. तो भोकातून आत घातलात की पालापाचोळा, पिसं आणि त्याखालचा काळा चिखल दिसतो. हा चिखल आठवडे ओला राहतो. पावसाळ्यानंतर डिसेंबरातही तो हाताला दमट लागला तर नवल नाही.

चौथऱ्याच्या खांबावर नाक वर करून बसवलेल्या विमानात घोळ वेगळा. निचऱ्याची भोकं विमान चाकांवर उभं आहे असं धरून दिलेली असतात. कोन बदलला की प्रत्येक कप्प्याची खालची बाजू बदलते आणि भोकं वरच्या अंगाला राहतात. तिथे नवीन सहा मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं, पण रिव्हेटच्या ओळीवर किंवा आतल्या पट्टीवर नाही. आधी बोरस्कोपनं आत बघा, मग ड्रिल. कडा साफ करून लगेच प्राइमर लावा.

कॅनोपीची रबरी नळी हवा भरून फुगणारी असते. हवा नाही, म्हणून ती कधीच घट्ट बसत नाही, आणि कॉकपिटच्या तळाशी पाणी साचतं. सिलिकॉन सीलंटनं कॅनोपी कायमची चिकटवू नका. आंबट वास येणारं सीलंट तर मुळीच नको, कारण ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं. बंद पेशींची फोमपट्टी लावा आणि दर दोन वर्षांनी बदला.

निळ्या ताडपत्रीबद्दल स्पष्टच सांगतो: नको. आत दव साचतं, वाऱ्यानं ती फडफडते, आणि एका पावसाळ्यात कॅनोपीवर इतके ओरखडे येतात की आतलं काही दिसत नाही. हवा खेळेल असं पांढरं सुती किंवा कॅनव्हास कव्हर फक्त कॅनोपीपुरतं घाला. जमलं तर विमानावर पत्र्याची शेड उभारा. रंगाच्या दोन फेऱ्यांच्या खर्चात ती होऊ शकते आणि रंगापेक्षा कितीतरी जास्त टिकते.

हवा आत घेणाऱ्या तोंडाला आणि मागच्या नळीला १२ मिलिमीटरची स्टेनलेस जाळी लावा. प्लायवूडनं तोंड बुजवलं तर कबुतरं थांबतात, पण वाराही थांबतो. आधीची कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, मास्क लावून, ओली उचला. ती पत्रा खाते आणि तिची धूळ फुप्फुसं बिघडवते.

उभं नीट आहे का

नाकातलं रडार काढून नेलेलं आणि इंजिन आतच, अशी विमानं बरीच येतात. इंजिनाचं वजन अकराशे ते बाराशे किलो, तेही मागे. अशा वेळी दोन माणसं शेपटीवर कामाला चढली तर विमान मागे बसू शकतं. शेपटीखाली गादी लावलेली लाकडी घोडी आधी, माणूस नंतर.

टायर उन्हानं तडकतात आणि खालून चपटे होतात. जॅकच्या ठरलेल्या जागीच तीन जॅक लावून विमान उचला, खांबांखाली पोलादी आधार द्या आणि टायर जमिनीपासून बोटभर वर ठेवा. बघणाऱ्याला कळतही नाही. चाकाचा ड्रम मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असू शकतो. रंग खरवडलेल्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, अॅल्युमिनियमवर येत नाहीत. मॅग्नेशियमची घासलेली भुकटी पेट घेते आणि पाण्यानं जास्त भडकते. कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवा.

धुणं आणि गंज

पंधरा लिटर पाण्यात ४० मिलिलिटर न्यूट्रल डिटर्जंट पुरतं. साबण खालून वर लावा, नाहीतर खाली ओघळलेले डाग पक्के बसतात. खळबळणं वरून खाली. वॉशिंग सोडा किंवा कॉस्टिक वापरू नका, अॅल्युमिनियम फसफसून विरघळतं. बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटचा हात टँकरच्या किंवा आरओच्या पाण्याचा द्या.

आता गंज. पांढरी भुकटी दिसली की नखानं खरवडून बघा. खाली पत्रा गुळगुळीत असेल तर वरवरचा आहे. सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील तर खोल. पण पट्टीची कड वडीच्या पदरासारखी सुटत असेल, पापुद्र्यावर पापुद्रा, तर धातू आतून कणाकणानं फुटलेला असतो. तो घासून बरा होत नाही. असा भाग पंखाच्या मुळाशी किंवा मुख्य तुळईवर सापडला तर काम थांबवून विमानाच्या बांधणीतला माणूस बोलवा, कारण चौथऱ्यावरच्या विमानालाही स्वतःचं वजन पेलायचंच असतं.

घासायला अॅल्युमिनियम ऑक्साइडचा वॉटर पेपर घ्या, २४० पासून ४०० पर्यंत, किंवा नायलॉनचा पॅड. पेपर ओलाच ठेवा. जुना पिवळट-हिरवा प्राइमर क्रोमेटचा असतो, त्याची कोरडी धूळ कर्करोगाला कारण ठरते. पी१०० मास्क, हातमोजे, आणि घासलेलं पाणी गटारात न सोडता पिंपात. लोखंडी तारेचा ब्रश आणि स्टील वूल पूर्ण बंद. त्यांचे कण पत्र्यात रुततात आणि पहिल्याच पावसात तांबूस ठिपके उठतात. कंत्राटदार वाळूच्या माऱ्याचा आग्रह धरेल, एका दिवसात काम होतं म्हणेल. होतंच. पण मिलिमीटरभर जाडीचा पत्रा पापडासारखा वाकडा होतो आणि पुन्हा सरळ होत नाही. खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरायचा मोहही आवरा. गंज पूर्ण काढून प्राइमर लावल्याशिवाय भरलेली लांबी म्हणजे गंजावर पांघरूण.

अडकलेल्या स्क्रूला भेदक तेल लावून चोवीस तास थांबा, मग हातानं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. ड्रिल शेवटचा उपाय. नवे स्टेनलेस स्क्रू अॅल्युमिनियममध्ये कोरडे बसवले तर दोन धातूंमध्ये पाणी शिरून पत्रा खाल्ला जातो. डोक्याखाली आणि आट्यांना सीलंट लावूनच बसवा. सोनेरी-पिवळसर झाक असलेल्या जुन्या बोल्टवर कॅडमियम या विषारी धातूचा मुलामा असू शकतो, त्यांना ग्राइंडर लावू नका.

रंग

आता रंगाकडे वळा. त्याआधी आत्ताच्या प्रत्येक खुणेवर ट्रेसिंग पेपर ठेवून नकल काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. हवाई दलाच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि गाभ्यात हिरवा, हे सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते माप आणि जागा. शेपटीवर मुठीएवढी जागा ८०० नंबरच्या ओल्या पेपरानं उतरती घासत जा. झाडाच्या वलयांसारखे जुने थर उघडतात आणि विमान कोणकोणत्या रंगांत उडलं ते दिसतं. ही चकती रंगाखाली घालवण्याआधी फोटो काढून ठेवा.

सुरुवातीची मिग बिनरंगाची, उघड्या धातूची होती, म्हणून काहींना चकाकी हवी असते. उघड्यावर हा नाद सोडा. सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यावरचा शुद्ध अॅल्युमिनियमचा संरक्षक थर जेमतेम ५० ते ६० मायक्रॉन असतो. दरवर्षी पॉलिश म्हणजे दरवर्षी तो थर थोडा कमी.

मिग-२१ चं पंखक्षेत्र २३ चौरस मीटर. धड, शेपूट आणि दोन्ही बाजू धरून रंगवायचं क्षेत्र ढोबळ हिशेबानं १०० चौरस मीटरच्या आसपास जातं. दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर वाया जाणं धरून लिटरला साडेसहा चौरस मीटर पुरतो, म्हणजे एका हाताला १५ लिटर. वर पॉलियुरेथेनचे दोन हात, मिळून २५ लिटर.

पत्रा धुतल्यावर पाण्याचा पडदा अर्धा मिनिट न तुटता टिकला पाहिजे. थेंब सुटे होऊ लागले तर तेलकटपणा बाकी आहे, पुन्हा धुवा. सुकल्यावर त्याच दिवशी, शक्यतो चार तासांत प्राइमर लावा. आर्द्रता ८० टक्क्यांखाली आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी एक ही वेळ बरी. पॉलियुरेथेनच्या फवाऱ्यात आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. हे काम स्वयंसेवकांनी करू नये असं आमचं मत, पैसे देऊन जाणकाराकडून करून घ्या. पण फवारणी सुरू होण्याआधी निचऱ्याच्या प्रत्येक भोकात बांबूची खुंटी तुम्ही स्वतः घाला आणि संध्याकाळी मोजून काढा. खडूनं केलेले गोल वहीत क्रमांकानं असतील तर एकही खुंटी राहत नाही.

कॅनोपीला रंगवाल्याच्या थिनरचा बोळा लागू देऊ नका. अॅक्रिलिकवर केसासारख्या भेगा पडतात, कधी लगेच, कधी महिन्यानं. कोमट साबणपाणी आणि नुसता तळहात, कापड नंतर.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर वही आणि टॉर्च घेऊन पुन्हा पोटाखाली जा. कोणत्या क्रमांकाच्या भोकातून पाणी आलं, कोणत्या नाही, ते लिहा. जे कोरडं राहिलं त्याच्या वरचं झाकण त्याच आठवड्यात उघडा.