पुस्तकाचं नाव कळलं, की लगेच दोन प्रश्न विचारा

तर्री-पोह्यांवरून सुरू झालेल्या गप्पा ग्रुपवर रात्री उशिरा पुस्तकांवर येतात. कुणीतरी लिहितं, 'हे वाचच.' आपण अंगठा दाखवतो आणि सकाळपर्यंत ते नाव दोनशे मेसेजखाली गाडलं जातं. माझी अशी कितीतरी चांगली पुस्तकं हातची गेली.

आता मी तो मेसेज तिथल्या तिथे दाबून धरते आणि तारा लावते. पण खरा उपयोग होतो तो पुढच्या दोन प्रश्नांचा: 'तुला त्यातलं नेमकं काय आवडलं?' आणि पुस्तक अनुवादित असेल तर 'अनुवाद कुणाचा?' एकाच पुस्तकाचे दोन-तीन मराठी अनुवाद असू शकतात आणि त्यांच्या भाषेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मैत्रिणीला ज्याने झोपू दिलं नाही, तो अनुवाद मी आणलेल्यापेक्षा वेगळाच असायचा!

सगळ्यात सोपं म्हणजे मुखपृष्ठाचा आणि मागच्या बारकोडचा फोटो मागा. बारकोडजवळ आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असतो. २००७ पासून तो १३ अंकी आहे, त्याआधी १० अंकी होता. आवृत्ती नेमकी त्यावरूनच सापडते. जुन्या मराठी पुस्तकांवर तो बहुधा नसतो. तिथे प्रकाशक आणि साल टिपून घ्या.

पुस्तकाच्या नावापुढे सुचवणाऱ्याचंही नाव लिहा. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, गेलात की यादी उघडा, आणि वाचून झालं की त्याला आवर्जून कळवा. पुढचं पुस्तक तो स्वतःहून सुचवतो.