विश्वासाच्या नावाने होणारी फसवणूक : या चुका टाळा

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, फसवणुकीचा विषय निघाला की बोलणं लगेच बाहेरच्या जगाकडे वळतं. पण प्रभू येशूने ज्या लांडग्यांबद्दल सावध केलं, ते मेंढरांच्या वेषात येतात (मत्तय ७:१५). प्रेषित पौलानेही इफिस नगरातल्या मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बजावलं होतं की तुमच्यातूनच काही माणसं उठतील (प्रेषितांची कृत्ये २०:३०). परक्यापुढे आपण सावध असतोच. फसतो ते ‘आपल्या’ माणसापुढे.

दाखवलं तेवढंच तपासणं

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा ९ वा अध्याय सावकाश वाचा. गिबोनचे लोक फाटकी पोती, शिवलेले जुने बुधले, ठिगळं लावलेले जोडे आणि बुरसटलेली भाकर घेऊन येतात. इस्राएल लोकांना शंका येते. तुम्ही इथे जवळच राहत असाल तर, असं ते तोंडावर विचारतात. मग यहोशवा विचारतो, तुम्ही कोण, कुठले? उत्तर येतं, फार दूर देशाहून आलो. त्या देशाचं नाव शेवटपर्यंत कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. इस्राएलाचा पुढारी यहोशवा याने यरीहो आणि आय या नगरांचा कसा नाश केला ते ऐकूनच गिबोनकरांनी हा बेत रचलेला होता. पण बोलताना ते मिसरातल्या आणि यार्देनेपलीकडच्या जुन्या घटनांबद्दलच सांगतात. ताजी बातमी गाळतात, कारण ती माहीत असणं म्हणजे शेजारी असल्याची कबुली. इस्राएल लोकांनी शिदोरी पाहिली, परमेश्वराला मात्र विचारलं नाही. त्यांना जिवंत ठेवण्याची शपथ घेऊन झाली आणि तीन दिवसांनी कळलं की ही माणसं जवळचीच आहेत.

त्यांनी तपासलं नाही असं नाही. फसवणाऱ्याने जे पुढे मांडलं तेच तपासलं. आजही तेच होतं. देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष ऐकवली जाते, फोटो दाखवले जातात, आजारपणाचे कागद पाठवले जातात. जे दाखवलं नाही ते विचारा. कुठल्या मंडळीत जाता? तिथले पाळक (पास्टर) कोण? आणि त्या पाळकांशी बोलताना समोरच्याने दिलेला नंबर वापरू नका, आपण स्वतः शोधून काढा.

वचन सांगितलं म्हणून मान डोलावणं

मंदिराच्या शिरोभागी उभं करून सैतानाने येशूला ‘खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील’ म्हणत ९१ वं स्तोत्रच ऐकवलं. शब्द खरे होते, वापर खोटा होता. येशूने त्यावर ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकातलं (६:१६) वचन पुढे केलं : परमेश्वराची परीक्षा पाहू नको. म्हणून एक ओळ ऐकली की तिच्या मागचा-पुढचा अख्खा अध्याय वाचावा. बिरुया नगरातले लोक तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्राशी ताडून पाहत, आणि त्यासाठी त्यांचं कौतुकच झालं आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११). तपासणाऱ्याला अविश्वासू ठरवणाऱ्यांनी हे वचन जरूर वाचावं.

‘देवाने मला सांगितलं’ ऐकून गप्प बसणं

मला सर्वांत जास्त चटका लावते ती बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायातली गोष्ट. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती : इथे जेवू नको, पाणी पिऊ नको, आल्या वाटेने परतू नको. त्याने राजाचं आमंत्रणही नाकारलं. मग बेथेलचा म्हातारा संदेष्टा म्हणाला, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, तुला घरी आणून जेवू घाल असं मला देवदूताने सांगितलं. ते खोटं होतं. राजापुढे न ढळलेला माणूस सहकाऱ्यापुढे ढळला आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं.

नवा संदेश आधीच्या स्पष्ट आज्ञेच्या उलट जात असेल तर सांगणारा कितीही थोर असो, थांबा. चिन्ह खरं ठरलं तरी थांबा, ‘अनुवाद’चा १३ वा अध्याय तेच सांगतो. पैशाच्या बाबतीत तर सुरुवातीच्या मंडळीनेही रोखठोक नियम घातला होता. ‘दिदाखे’ या प्राचीन नियमपुस्तिकेत म्हटलंय की आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचं ऐकू नये. गरजूंसाठी मागत असेल तर मात्र त्याला दोष देऊ नये. ‘आजच पाठव’ आणि ‘कुणाला सांगू नको’ ही दोन वाक्यं एकत्र आली की पैसे देऊच नका.

फसल्यावर लपवणं

लाज वाटते, म्हणून लोक गप्प बसतात आणि आधीचे पैसे सोडवायला आणखी पैसे भरतात. व्यवहार तिथेच थांबवा. मेसेज पुसून टाकू नका. बँकेला ताबडतोब कळवा, गुन्हा घडला असेल तर पोलिसांत तक्रार करा. ‘बंधूवर तक्रार कशी करायची, क्षमा करायला हवी’ असा दबाव येईल. क्षमा मनापासून करा आणि तक्रारही करा, कारण तोच माणूस उद्या दुसऱ्या मंडळीच्या दारात उभा राहणार आहे. तिथल्या पाळकांनाही आजच फोन करून कळवा.