शेतकरी कंपनीचा ग्रुप काढताय? आधी माणसं मोजा

सोयाबीन निघायला लागलं की आमच्या औसा तालुक्यात रोज कुणीतरी नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढतं. आठवडाभर 'राम राम' आणि फुलांचे फोटो, मग पुढाऱ्यांवरून भांडण, मग सगळ्यांचं म्यूट. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचं, म्हणजे शेतकरीच जिचे सभासद आणि मालक असतात अशा कंपनीचं, ऑफिस बघते, त्यामुळे सभासदांचा ग्रुपही माझ्याच गळ्यात. ज्यांना असा ग्रुप खरंच कामाला लावायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुरुवात फोनने नको, वहीने करा. सभासदाच्या नावापुढे तीन रकाने आखा: दिलेला नंबर नेमका कुणाचा, दिवसा फोन कुणाच्या खिशात असतो, आणि माणूस वाचतो की ऐकून समजून घेतो. बायकांच्या नावापुढे बऱ्याचदा नवऱ्याचा नाहीतर लेकाचा नंबर सापडेल. सभासद ती, शेअर तिच्या नावावर, आणि निरोप मात्र पोरगा वाचून पुसून टाकतो. अशा प्रत्येकीपुढे गल्लीतल्या, स्वतःचा फोन असलेल्या एका बाईचं नाव लिहा. तिला विचारून लिहा, नुसतं गृहीत धरू नका. वाचता न येणाऱ्यांसाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज, तोही रात्री जेवणाच्या वेळी. तेव्हा फोन घरी आलेला असतो.

आता थोडं गणित. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या ईथरनेट तंत्राच्या जनकांपैकी एक रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाने एक नियम सांगतात. त्याला हे नाव लेखक जॉर्ज गिल्डर यांनी १९९३ मध्ये दिलं. जोडलेल्यांची संख्या वाढते तशी जाळ्याची किंमत त्या संख्येच्या वर्गाने वाढते, असा तो नियम. दहा माणसांत ४५ जोड्या होतात, शंभरांत ४,९५०. माणसं दहापट, जोड्या एकशे दहापट! ग्रुप काढणारा प्रत्येक जण याच आशेवर गावभरचे नंबर भरत सुटतो. पण २००६ मध्ये ब्रिस्को, ओडलिझ्को आणि टिली या तिघा अभ्यासकांनी हा हिशोब खोडून काढला. सगळ्या जोड्या सारख्या मोलाच्या नसतात, किंमत वाढते पण इतकी नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हेच पटतं. शेजारच्या बांधावर चक्रीभुंगा ही सोयाबीनची कीड आलीय का, हे मला आजच कळायला पाहिजे. वीस कोसांवरच्या कुणाचा वाढदिवस कळून काय करू?

म्हणून दोन थर करा. वर एकच सूचनांचा ग्रुप, सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा. खाली गाव किंवा वस्तीनिहाय छोटे ग्रुप, वीस-पंचवीस जणांचे, बोलायला मोकळे. ब्रॉडकास्ट लिस्टवर, म्हणजे ग्रुप न करता एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीवर, फार विसंबू नका: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना कळलं.

सूचनांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वाचला जातो तो भाव. तो अर्धवट टाकू नका. "लातूर मोंढा (धान्यबाजार), सोयाबीन तेजीत" याला काही अर्थ नाही. तारीख, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर लिहा. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर हे रोज मिळतं. लोक नेमका जास्तीत जास्त दर लक्षात ठेवतात आणि तो मिळाला नाही की कंपनीला शिव्या देतात, म्हणून सर्वसाधारण दर पहिल्या ओळीत घ्या. त्याखाली आपल्यातल्याच एकाची हिशोबपट्टी, नाव झाकून: भाव, मॉइश्चर (मालातला ओलावा), हमाली, तोलाई, कपात. मॉइश्चरशिवाय भाव सांगणं म्हणजे फसवणूकच. हमीभावाच्या खरेदीला एरवी १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली होती. अशी सूट आली की तोच मेसेज दोन दिवस पुन्हा टाका.

भाव कळला म्हणून माणूस आडत्याला सोडून कंपनीकडे येईल, असं मात्र समजू नका. आडत्याचंही जाळं आहे, आणि ते आपल्यापेक्षा जुनं आहे. पेरणीच्या तोंडावर उचल तो देतो, दवाखान्याला रात्री पैसे तो देतो. मोबाईल उचल देत नाही. ज्याच्यावर उचल आहे तो मोंढ्यातले सगळे भाव पाठ करूनही माल त्याच दुकानात टाकणार. कंपनीला बियाणं-खत उधारीवर देता येत असेल तर ते आधी जमवा, ग्रुप नंतर. नसेल जमत तर निदान त्या सभासदाला ग्रुपवर टोमणे मारू नका.

कंपनीच्या आतही ग्रुपमुळे वजन हलतं. पूर्वी मोंढ्याची खबर अध्यक्षांकडूनच यायची, आता कॉलेजातला पोरगा आधी टाकतो. चांगलंच आहे. पण ज्याचा अंगठा आधी उठला त्याचं मत ठराव होत नाही. उत्पादक कंपनीत वैयक्तिक सभासदाला, शेअर कितीही असोत, एकच मत असतं. सर्वसाधारण सभेची लेखी सूचना किमान १४ दिवस आधी द्यावी लागते आणि गणपूर्तीला एक चतुर्थांश सभासद लागतात. पैशांचा, पदाचा, माल कुणाला विकायचा याचा निर्णय ग्रुपवर निघाला की तिथेच थांबवा आणि सभेच्या विषयपत्रिकेत घ्या.

ॲडमिन निदान दोन ठेवा, त्यातली एक महिला सभासद. एकच ॲडमिन असला आणि तो रुसून ग्रुप सोडून गेला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतून आपोआप कुणालाही ॲडमिन करतं. आणि ग्रुप सचिवाच्या खासगी नंबरवर चालवू नका. कंपनीच्या नावावर वेगळं सिम घ्या. त्याचा रिचार्ज खंडला तर नंबर बंद पडतो, पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. रिचार्जची तारीख ठरावाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा.