आवडत्या बँडच्या वेडातून स्वतःचं पहिलं गाणं कसं करायचं

४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा इंग्लिश पंक बँड वाजवायला आला तेव्हा हॉल बराचसा रिकामाच होता. पण त्या थोड्या लोकांत पीटर हुक होता, त्याने दुसऱ्याच दिवशी ३५ पौंडांना बेस गिटार आणलं, वाजवता येत नव्हतं तरी, आणि बर्नार्ड समनरबरोबर सुरू केलेला त्यांचा बँड पुढे जॉय डिव्हिजन या नावाने गाजला. म्हणून कोणी "आधी सगळे स्केल्स (सुरांच्या सरगमी) शिक, मग बघू" असं म्हटलं की मला राग येतो.

वाद्य कुठलंही चालेल, सुरात लावा. आवडत्या बँडचं तीन-चार कॉर्डचं (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले काही सूर) एक गाणं निवडा आणि न अडखळता शेवटपर्यंत जाता आलं की थांबा, त्याला अजून घासत बसू नका.

आता खरी अडचण. मी इथे दोन वर्षं अडकले होते. कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, मस्त वाजायची, पण स्वतःचं म्हणून जे काही करायचे ते त्याच बँडचं गाणं निघायचं, शब्द तेवढे वेगळे, आणि गातानाही मी त्यांच्या गायकासारखे शब्द ओढायचे. यावर एकच उपाय लागू पडला: त्या गाण्यातले फक्त दोन कॉर्ड घ्या, वेग निम्मा करा आणि मूळ गाणं दहा दिवस अजिबात ऐकू नका, गाडीत नाही, कानात नाही, कुठेच नाही. रोज वीस मिनिटं त्या दोन कॉर्डवर ला-ला, ना-ना, तोंडाला येईल ते गा, फोनवर रेकॉर्ड करा आणि काहीही डिलीट करू नका. माझी पहिली चाल मी फालतू म्हणून बाजूला ठेवलेल्या तुकड्यातच सापडली.

शब्द मात्र घरी ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत लिहा. मराठीत लगेच एक गोष्ट नडते, आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे प्रत्येक ओळ गेली, आली, राहिली अशीच संपते आणि गाणं शाळेतल्या कवितेसारखं वाटायला लागतं. क्रियापद पुढे आणा नाहीतर काढूनच टाका. "पाऊस थांबला तेव्हा बस निघून गेली" याचं "गेली बस, पाऊस थांबता थांबता" करून गाऊन बघा, ओळ लगेच चालीवर बसते.

आणि आपल्या उणिवा झाकू नका, मी हे कितीही वेळा सांगेन. समनरचा गिटार अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) मोठ्याने वाजायचा आणि हुकचा अँप कमजोर, स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून तो बेसवर वरच्या पट्टीत वाजवायला लागला आणि तीच त्या बँडची ओळख झाली. तुमचा आवाज वर जात नसेल तर चाल खाली आणा, त्यासाठी वर्षभर गळा तयार करत बसायची गरज नाही.

रेकॉर्डिंग: पंखा बंद, फोन उशीवर, तीन टेक, बास.

शेवटची पायरी, वाजवायची तारीख ठरवा. पिस्टल्सना मँचेस्टरला बोलावलं होतं हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली यांनी, त्यांना स्वतःचा बँड बझकॉक्स घेऊन त्याच स्टेजवर चढायचं होतं, पण ४ जूनपर्यंत बँडच तयार झाला नाही. मग २० जुलैला पिस्टल्स त्याच हॉलमध्ये परत आले तेव्हा बझकॉक्स वाजले, आणि जानेवारी १९७७ मध्ये घरच्यांकडून-मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन त्यांनी स्वतःची रेकॉर्डही काढली, पहिल्या १००० प्रती. त्या दोन कार्यक्रमांत अंतर होतं दीड महिन्याचं. तुम्हीही तेवढाच वेळ घ्या, आणि कोणाच्या गच्चीवर, कोणासमोर, किती वाजता वाजवणार ते आजच मित्रांना कळवून टाका.