शहरातल्या टेकडीवरच्या मोठ्या पार्कात जाताय? या चुका टाळा

शहरात आहे म्हणून लोक ह्या टेकड्यांना बाग समजतात, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. लॉस एंजेलिसचं ग्रिफिथ पार्क ४२०० एकरांच्या वर आहे, त्याला बाग कसं म्हणणार सांगा.

पहिली चूक गेटची. मॅपमध्ये नुसतं पार्कचं नाव टाकलं की पिन पडते जंगलाच्या मधोमध आणि मॅप तुम्हाला त्या पिनच्या जवळच्या रोडवर नेऊन सोडतो, समोर बघताय तर कंपाउंडची भिंत, आत जायला वाटच नाही! म्हणून गेटचं किंवा पार्किंगचं नाव टाकून सर्च करा, आणि पोचल्यावर गेटच्या बोर्डाचा फोटो काढून गाडीचं लोकेशन सेव्ह करून ठेवा. वरून सगळ्या पायवाटा सारख्याच दिसतात, भलत्या बाजूला उतरलात की गाडी टेकडीच्या पलीकडे आणि तुम्ही अलीकडे, मग बसा रिक्षा शोधत.

शॉर्टकट मारू नका. मॉन्ट्रियलच्या माउंट रॉयलवरचा मेन रस्ता मुद्दाम वळणं घेत हळूहळू चढत जातो, हे पार्क १८७६ साली सुरू झालं आणि त्याचं डिझाइन ओल्मस्टेडचं, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क करणाऱ्यांपैकी एक. वळणं टाळून सरळ उतरलं की माती सुटते, पावसाचं पाणी तिथूनच धावतं आणि पुढच्या वर्षी तिथे घळ पडलेली असते. शिवाय सुकलेल्या मातीवर बारीक खडी असली की चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय सर्रकन जातो. तिरकं, छोटी पावलं टाकत उतरा. आणि चपला नकोत प्लीज.

पाणी खालूनच भरून न्या, वर नळ असेलच असं नाही.

वाट बंदचा बोर्ड दिसला की मागे फिरा, "काय होतंय" म्हणणारे ग्रुपमध्ये असतातच. एडिनबरोच्या होलीरूड पार्कातली रॅडिकल रोड ही फेमस वाट २०१८ मध्ये दरड कोसळल्यावर बंद केली होती, उगाच नाही.

सनसेट बघून निघणाऱ्यांनी टॉर्च ठेवा, कारण माथ्यावर उजेड असतो तेव्हा पूर्वेकडच्या उतारावर झाडीत ऑलरेडी अंधार झालेला असतो. आणि वाट चुकलीच तर खाली दिव्यांच्या दिशेने सरळ उतरत सुटू नका, दिवे जवळ वाटतात पण अशा टेकड्यांना कितीतरी ठिकाणी जुन्या दगडखाणी असतात आणि वरून तो कडा दिसतच नाही, त्यापेक्षा आल्या वाटेने परत वर मेन रस्त्याला लागा आणि तिथून फोन करा, माथ्यावर रेंजही बरी मिळते.