दुष्ट नवरा शोधू नका

स्त्रीवादी वाचन, म्हणजे बाईच्या वाट्याला काय येतं ते पाहत कथा वाचणं, शिकताना माझं जवळजवळ एक वर्ष एकाच चुकीपायी गेलं. प्रत्येक कथेत मी आधी नवऱ्याला गाठायचे, त्याचा जुलूम नोंदवायचे, बायको सुटली की नाही ते लिहायचे, की निबंध संपला. गुणही बरे पडायचे, म्हणून चूक कळायला वेळ लागला.

मग केट शोपॅनची 'द स्टोरी ऑफ अॅन अवर' अभ्यासाला आली. १८९४ची, अगदी दोन-तीन पानांची कथा. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी येते, लुईज मॅलर्ड खोलीत एकटी बसते, आणि तासाभरात तोच नवरा धडधाकट दारात उभा राहतो; त्याला पाहताच ती मरते. मी लिहिलं, 'जुलमी नवऱ्याखाली चिरडलेली स्त्री.' बाईंनी समासात दोनच शब्द लिहिले होते: 'कुठली ओळ?'

कथा चारदा वाचली. ओळ नव्हतीच. उलट नवऱ्याच्या चेहऱ्यानं तिच्याकडे कधी प्रेमाशिवाय पाहिलं नव्हतं, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी त्या रात्री रडले, खोटं कशाला सांगू.

याच सापळ्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण यात बहुतेक सगळे अडकतात. लुईजला त्या खोलीत उमगतं ते असं: माणसं, बाई असो की पुरुष, दुसऱ्या जिवावर आपली इच्छा लादणं हा आपला हक्कच समजतात, हेतू मायेचा असो वा क्रूर, गुन्हा तेवढाच. म्हणजे तक्रार ब्रेंटली मॅलर्ड या माणसाबद्दल नाही, लग्नाच्या रचनेबद्दल आहे. तुम्ही त्याला दुष्ट ठरवलंत की नकळत लग्नाला निर्दोष सोडता, कारण मग उपाय एवढाच उरतो की नवरा चांगला बघा. कथा नेमकं हेच नाकारते. नवरा चांगला आहे, आणि तरीही ती 'मोकळी' म्हणून श्वास घेते. तिचं त्याच्यावर कधीकधी प्रेमही होतं. हे 'कधीकधी' गाळू नका. सगळी अवघड गोष्ट त्यात आहे.

शार्लट पर्किन्स गिलमनच्या १८९२च्या 'द यलो वॉलपेपर'मध्येही असंच. नवरा डॉक्टर, बायकोच्या भल्यासाठीच तिचं लिहिणं बंद करतो. त्याची माया खोटी ठरवायची गरज नाही. ती खरी धरली तरच कथा भयानक होते.

तयार नोट्स वापरू नका. 'पितृसत्ता' हा शब्द त्यात पहिल्याच ओळीत असतो आणि कथेतलं एकही वाक्य नसतं. मार्गदर्शक निवडताना सिद्धांतांची यादी देणाऱ्यापेक्षा 'कुठली ओळ?' विचारणारा निवडा. फ्रेंच स्त्रीवादी विचारवंत सिमोन द बोव्हार वाचा, जरूर वाचा, पण कथा दोनदा वाचून झाल्यावर.

आता मी काय करते? नावं बघते. लुईज आधी 'मिसेस मॅलर्ड' असते, बहीण दाराबाहेरून हाक मारते तेव्हा तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकू येतं, आणि शेवटी ती पुन्हा 'त्याची बायको' होते. शेवटचं वाक्य कुणाचं, तेही बघते. ती आनंदानं मेली, हे डॉक्टरांचं निदान आहे. खोलीत काय झालं ते त्यांना ठाऊक नाही, आपल्याला आहे.

आणि पैसा. लुईज पुढे कशावर जगणार याबद्दल कथा गप्प आहे. उलट विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये (१९३३) मुली शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत, तरी प्रश्न सुटत नाही. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे त्यातल्या एका कथेचं शीर्षक. इथे नवरा नाहीच, तरी बंधन आहे. नवऱ्याला शोधत वाचणाऱ्या मला या कथेबद्दल काहीच सुचलं नव्हतं.

पहिले चार-पाच निबंध फसतील. फसू द्या, तुम्ही मठ्ठ नाही. फक्त समासात कुणी ओळ मागितली तर रागावू नका, पुस्तक उघडा.